रिकाम्या जागेची किंमत

पर्युषण पर्व जवळ आले की आपल्या समाजातील नियतकालिकांचे विशेषांक जाडजूड होऊ लागतात. ही जाडी बहुतांशी जाहिरातींची असते, आणि तिच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. या पानांच्या उत्पन्नावरच वर्षभराचे अंक निघत असतात. तथापि एखाद्या दुपारी ही पाने केवळ पाहण्याच्या हेतूने उलटावीत. साड्यांच्या एका दुकानाच्या पानावर बारा साड्या, चार मॉडेल, दुकानाच्या दर्शनी भागाचे छायाचित्र, तीन शाखांचे पत्ते, पाच दूरध्वनी क्रमांक, ‘भव्य सेल’ असे लिहिलेला लाल-पिवळा तारा आणि वरच्या बाजूस संस्थापकांपासून नातवापर्यंत सर्वांची छायाचित्रे. पान मिटल्यावर डोळ्यांसमोर काय उरते, असे स्वतःस विचारून पाहावे. बहुधा तो ताराच उरतो.

यामागील विचार समजण्यासारखा आहे. पूर्ण पानाचे पैसे भरले आहेत, मग कोपरा मोकळा का सोडायचा? बँकेत कापड व सराफी व्यवसायांची कर्जप्रकरणे हाताळताना हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. नफा-तोटा पत्रकात जाहिरातखर्चाचा आकडा दरवर्षी वाढत जाई, आणि त्या खर्चातून काय पदरी पडले असे विचारले की उत्तर मोघम मिळे. गोदामाच्या बाबतीत हा युक्तिवाद अगदी बरोबर आहे. भाडे चौरस फुटाने द्यायचे, त्यामुळे रिकामा कोपरा म्हणजे नुकसानच. जाहिरातीच्या पानाचे नाते मात्र गोदामाशी नसून दुकानातील गादीशी आहे.

गादीचे दुकान ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे अधिक सांगावयास नको. गादीवर पांढरीशुभ्र चादर अंथरलेली असे. मागच्या फळ्यांवर शेकडो साड्यांच्या घड्या असल्या तरी त्या पांढऱ्या चादरीवर एका वेळी एकच साडी उलगडली जाई. पदर कोणत्या बाजूस पसरायचा, काठ किती दाखवायचा, हे जुन्या माणसांच्या हाताला ठाऊक असे. गिऱ्हाइकाने मान हलवली की ती साडी पुन्हा घडी घालून बाजूस जाई. अनुभवी विक्रेता शेवटी दोनच साड्या समोर ठेवी, आणि मग काही न बोलता थांबे. सराफ हार दाखवायचा तो गडद मखमलीवर, आणि एका वेळी एक. हिऱ्याचा व्यापारी पुडी उलगडतो ती पांढऱ्या कागदाची, आणि जुन्या रीतीप्रमाणे हिरा पाहायचा तर उत्तरेकडील खिडकीच्या प्रकाशात, कारण तेथे थेट ऊन येत नाही व प्रकाश दिवसभर फारसा बदलत नाही. आपल्या वाडवडिलांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता हे सारे अंगी बाणवले होते. मग त्याच पेढीची जाहिरात छापताना ही समज कोठे जाते, हा मला पडलेला प्रश्न आहे.

डोळ्याच्या रचनेकडे पाहिले तरी जुन्या दुकानदारांचे शहाणपण पटते. आपल्याला समोरचे सर्व दृश्य एकदम स्पष्ट दिसते असे वाटते, परंतु तो भास असतो. दृष्टिपटलाचा मध्यवर्ती, अगदी लहानसा भाग तेवढे बारकाईने पाहू शकतो. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढाच तुकडा एका क्षणी खरोखर स्पष्ट असतो. बाकीचे दृश्य अंधुक असते, आणि नजर सेकंदाला दोन-तीन उड्या मारीत ते तुकडे गोळा करते. पानावर बारा गोष्टी सारख्याच जोराने हाका मारीत असतील तर नजर कोठेही ठरत नाही आणि वाचक पान उलटतो. त्याला कंटाळा आला आहे हे त्याचे त्यालाही कळत नाही.

फॅशनच्या छायाचित्रणात हा धडा पद्धतशीरपणे गिरवला गेला तो न्यूयॉर्कमध्ये, गेल्या शतकाच्या मध्यास. ‘हार्पर्स बझार’ या मासिकाचे कलादिग्दर्शक अलेक्सी ब्रोडोविच हे मूळचे रशियातील. १९३४ ते १९५८ अशी चोवीस वर्षे त्यांनी त्या मासिकाची पाने रचली. तोपर्यंत मासिकाचे पान म्हणजे चौकटींनी भरलेली कोष्टके असत. ब्रोडोविच यांनी समोरासमोरची दोन पाने मिळून एकच पट मानला, आणि त्यावर पांढरी जागा मोकळी सोडली. एक आकृती, मजकुराचा एक स्तंभ, आणि बाकी कोरा कागद. महागडा चिकण कागद कोरा ठेवणे हे त्या काळच्या छापखान्यातील हिशेबनिसांस कसे वाटले असेल, याची कल्पना बँकेत आयुष्य काढलेला माणूस सहज करू शकतो.

ब्रोडोविच फिलाडेल्फिया येथे शिकवीतही असत, आणि तेथील त्यांच्या विद्यार्थ्यांत अर्व्हिंग पेन हा तरुण होता. पेन १९१७ मध्ये न्यू जर्सी राज्यात जन्मला. त्याला चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी तो मेक्सिकोत जाऊन राहिला, तेथे चित्रे काढली, आणि ती आपल्याच कसोटीस उतरत नाहीत असे दिसल्यावर नष्ट केली. १९४३ मध्ये तो ‘व्होग’ या मासिकात दाखल झाला. मुखपृष्ठांसाठी कल्पना सुचवणे हे त्याचे काम. पण छायाचित्रकारांना त्या कल्पना रुचेनात, तेव्हा कलादिग्दर्शक अलेक्झांडर लिबरमन यांनी त्यालाच कॅमेरा हाती घ्यावयास सांगितले. १ ऑक्टोबर १९४३ च्या अंकावरील त्याच्या पहिल्या मुखपृष्ठावर मॉडेल नव्हतीच. एक हातमोजा, पट्टा, पिशवी, लिंबे-संत्री आणि एक मोठा पुष्कराज, एवढाच ऐवज. (त्यांतील चामड्याच्या वस्तू आपल्या घरात चालणार नाहीत, हे खरे; परंतु येथे आपण मांडणी पाहत आहोत.) स्त्रियांच्या फॅशनच्या मासिकावर स्त्रीच नाही, आणि तरी अंक फॅशनचाच आहे याविषयी कोणाला शंका येऊ नये, हे साधणे सोपे नव्हते.

१९५० च्या उन्हाळ्यात ‘व्होग’ने पेनला पॅरिसच्या नामांकित शिंप्यांचे त्या हंगामाचे नवे पोशाख टिपण्यास पाठवले. अशा पोशाखांची छायाचित्रे तोवर बहुधा राजवाड्यासारखी दालने, झुंबरे, संगमरवरी जिने यांच्यासमोर काढली जात. पेनसाठी शोधलेली जागा होती एका जुन्या छायाचित्रण-विद्यालयाच्या इमारतीचा अगदी वरचा मजला. जिने पुष्कळ, सोयी बेताच्या. पण खिडक्यांतून येणारा दिवसाचा प्रकाश उत्तम. पार्श्वभूमी म्हणून नाटकगृहातील एक जुना, विटलेला पडदा मिळवला होता. राखाडी रंगाच्या डागांखेरीज त्यावर काही नव्हते. त्या पडद्यासमोर, कोणतेही आसन वा फुलदाणी न ठेवता, पेनने पोशाख उभे केले. मॉडेलपैकी एक होती लिसा फोन्साग्रीव्ह्ज, मूळची स्वीडनची नर्तकी, जिच्याशी त्याच वर्षी त्याचा विवाह झाला. काही छायाचित्रांत पडद्याची कडा आणि स्टुडिओची जमीनही दिसते. पेनने ती झाकली नाही. पोशाखाचा घेर, बाहीची चुणी, कमरेची रेषा, हातमोज्यातील बोटांचा कोन यांखेरीज पाहण्यासारखे त्या चौकटीत काही नसल्याने नजर तेथेच फिरत राहते. शिंप्याने घातलेला टाका बरोबर आहे की नाही, हेही मग दिसते.

मला या हकिगतीतील पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. उंची पोशाखांचे काम चालू असतानाच, मधल्या वेळात, पेनने पॅरिसच्या रस्त्यांवरील कष्टकऱ्यांना त्याच मजल्यावर बोलावले. पाव भाजणारे, कोळसा वाहणारे, साफसफाई करणाऱ्या बाया असे हे लोक. त्यांनी कामाचेच कपडे घालून आणि हत्यारे बरोबर घेऊन यावे एवढीच अट. त्यांनाही त्याने त्याच पडद्यासमोर, त्याच प्रकाशात, तेवढ्याच अदबीने उभे केले. पुढे लंडन व न्यूयॉर्क येथेही त्याने हे काम चालू ठेवले, आणि ही मालिका ‘स्मॉल ट्रेड्स’, म्हणजे छोटे धंदे, या नावाने ओळखली जाते. डिऑरचा पोशाख आणि कोळसेवाल्याचा काळवंडलेला सदरा यांना एकच पार्श्वभूमी मिळाली, तेव्हा दोन्ही ठिकाणी माणसाची उभे राहण्याची ढब तेवढी बोलू लागली. झुंबरे आणि जिने ठेवले असते तर ही तुलना करण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. तो पडदा पेनने जन्मभर सांभाळला. त्याच्या जन्मशताब्दीनिमित्त २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रदर्शन भरले, तेव्हा छायाचित्रांबरोबर तो पडदाही टांगण्यात आला होता.

पेनच्या उत्तरायुष्यातील एक व्यवहार आपल्या घरच्या व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखा आहे. जपानी वस्त्रकार इस्सी मियाके १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९९ पर्यंत आपले पोशाख छायाचित्रांसाठी पेनकडे न्यूयॉर्कला पाठवीत, आणि छायाचित्रणाच्या वेळी स्वतः मुद्दाम हजर राहत नसत. आपल्या मालाकडे परक्या नजरेने कसे पाहिले जाते, हे त्यांना हवे होते. आपल्याकडे मालक छायाचित्रकाराच्या खांद्यामागे उभा राहून ‘तो हारही घ्या, ती पर्सही घ्या’ असे सांगत असतो, आणि संध्याकाळी त्याच छायाचित्रकाराच्या नावाने बोटे मोडतो.

छायाचित्रांकडून जाहिरातींकडे वळताना न्यूयॉर्कमधील एका दुकानाचे उदाहरण घ्यावेसे वाटते, कारण ते दुकान कपड्यांचे होते आणि त्याचा धंदा स्वस्ताईचा होता. ‘ओरबाक्स’ हे त्याचे नाव. नफ्याचे प्रमाण कमी ठेवून उलाढाल वाढवणे, आणि पॅरिसच्या पोशाखांच्या हुबेहूब प्रती सामान्यांच्या खिशाला परवडतील अशा विकणे, ही त्याची रीत. अशा दुकानाची जाहिरात म्हणजे किमतींच्या यादीने भरलेले पान, असेच कोणालाही वाटेल. त्यांच्या जाहिरातींचे काम बिल बर्नबाक यांच्या संस्थेकडे होते. डॉइल डेन बर्नबाक ही ती संस्था १९४९ मध्ये स्थापन झाली. १९५८ सालची त्यांची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. पानावर फक्त एका मांजरीचा चेहरा. डोक्यावर मोठी हॅट, तोंडात सिगारेटची लांब नळी. ही मांजर आपल्या एका मैत्रिणीविषयी कुजबुजते आहे, की ती इतकी श्रीमंती थाटात कशी वावरते याचे गुपित मला कळले, ती ओरबाक्समधून कपडे घेते. एकही कपडा चित्रात नाही, एकही किंमत नाही. स्वस्त दुकानात जाण्याची लाज ही त्या गिऱ्हाइकाची खरी अडचण होती, आणि जाहिरातीने नेमके तिलाच हात घातला.

याच संस्थेने १९५९ मध्ये फोक्सवॅगनच्या छोट्या मोटारीची जी जाहिरात केली ती आता पाठ्यपुस्तकांत गेली आहे. कलादिग्दर्शक हेल्मुट क्रोन, मजकूर ज्युलियन कोएनिग यांचा. त्या काळी अमेरिकेत मोटारींच्या जाहिराती म्हणजे लांबलचक चकचकीत गाड्या, बंगले आणि हसरी कुटुंबे. क्रोन यांनी जवळजवळ सारे पान कोरे सोडले आणि वरच्या डाव्या बाजूस मोटारीचे एवढेसे छायाचित्र ठेवले. खाली दोन शब्दांचा मथळा, ‘थिंक स्मॉल’, अर्थात लहान विचार करा. मजकुरात पेट्रोल किती कमी लागते, तेल किती कमी लागते, टायर किती टिकतात, दुरुस्तीचे बिल व विमा किती थोडा, एवढे सरळ सांगितले होते. पानावरील पांढऱ्या जागेमुळे मोटार आणखी लहान भासली, आणि लहान असणे हाच तर तिचा गुण होता. याहून योग्य जागी पैसे खर्च झालेले मी तरी पाहिलेले नाहीत. ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग एज’ या नियतकालिकाने १९९९ मध्ये विसाव्या शतकातील सर्वोत्तम जाहिरातमोहिमांची यादी केली, तेव्हा फोक्सवॅगनची मोहीम पहिल्या क्रमांकावर होती.

पुढच्याच वर्षीची जाहिरात व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून धाडसी म्हणावी लागेल. मोटारीचे एक छायाचित्र आणि खाली एकच शब्द, ‘लेमन’. अमेरिकेच्या बोलीत सदोष, फसव्या मोटारीस लिंबू म्हणतात. स्वतःच्या मालाचे छायाचित्र छापून त्याखाली ‘खोटा माल’ असे लिहावे, तसाच हा प्रकार. वाचक दचकून मजकुराकडे वळला की त्यास कळे, की समोरील खणावरील पट्टीवर बारीकसा डाग असल्यामुळे तपासनिसाने ही मोटार नाकारली आहे, आणि कारखान्यात ३,३८९ माणसे केवळ तपासणीच्या कामावर आहेत. पान साधे असल्यामुळेच हे जमले. दहा मोटारी आणि पाच घोषणा यांच्या गर्दीत तो शब्द लिहिला असता तर छापखान्याची चूक वाटली असती.

येथे साधेपणाचा सचोटीशी असलेला संबंध दिसतो. भरगच्च पानावर एखादा हलका दागिना खपून जातो; गोऱ्या पानावर एकटा ठेवलेला दागिना तपासला जातो. बारा साड्यांतील एकीचा काठ विसविशीत असला तर चालतो, एकटीचा चालत नाही. कर्जाच्या प्रस्तावांतही हेच पाहावयास मिळे. पंचवीस परिशिष्टे जोडून आलेला प्रस्ताव पाहिला की मुरलेला अधिकारी सावध होई. मालाचा साठा, येणे, देणे आणि परतफेडीचा मार्ग दोन पानांत मांडणारा अर्जदार आपली बाजू उघडी ठेवीत असे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा विषय या मासिकात मांडावासा वाटला, त्याकडे येतो. आपल्या परंपरेत साधेपणास मोठे स्थान आहे. त्यामुळे अशी छायाचित्रे व जाहिराती पाहून ‘हे तर आपलेच अपरिग्रहाचे तत्त्व’ असे म्हणण्याचा मोह होतो. ‘मिनिमलिझम’ हा शब्द अलीकडे व्याख्यानांतून अपरिग्रहाच्या शेजारी सर्रास बसवला जातो. मला हे मान्य नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, अशी केली आहे. वस्तूंच्या संख्येवर ती आधारलेली नाही. ही कसोटी लावली तर गोऱ्या पानावर एकच हातमोजा ठेवणारे छायाचित्र कोठे बसते? बारा साड्यांचे पान माणसाला गोंधळात टाकते, पण आसक्त करीत नाही. एकटी साडी, योग्य प्रकाशात, भोवती शांत मोकळी जागा ठेवून दाखवली, की मन तिच्यावर जडते. जाहिरातदारास नेमके तेच हवे असते. पानावरील पसारा कमी झाला आणि मनातील ओढ वाढली, असा हा सौदा आहे.

पेनच्याच कामातून याचे उदाहरण मिळते. १९६८ मध्ये ‘क्लिनीक’ ही सौंदर्यप्रसाधने बाजारात आली, आणि त्यांच्या जाहिरातींची छायाचित्रे पेनने अनेक वर्षे काढली. सुंदर चेहरा नाही, मॉडेल नाही. १९७० च्या दशकातील त्यांच्या एका प्रसिद्ध जाहिरातीत काचेच्या पेल्यात उभा दात घासण्याचा ब्रश दाखवला आहे, आणि दिवसातून दोनदा, एवढाच मथळा. चेहऱ्याला लावायच्या महाग बाटल्या दात घासण्याइतक्याच नित्याच्या व आवश्यक आहेत, हे त्या चित्राने एका क्षणात मनावर ठसवले. चित्र विलक्षण साधे आहे, स्वच्छ आहे. आणि गरज नसलेल्या वस्तूस गरजेच्या यादीत नेऊन बसवण्याचे काम ते चोख करते. कलेच्या दृष्टीने मी त्यास पैकीच्या पैकी गुण देईन. मात्र सामायिकाच्या वेळी ते नमुना म्हणून समोर ठेवणार नाही.

एकाग्र चित्राचा दुसराही एक गुणधर्म आहे. ते ज्या गोष्टीकडे बोट दाखवते, तिच्याखेरीज इतर गोष्टी नजरेआड करते. रिचर्ड अ‍ॅव्हेडन हा पेनचा समकालीन, आणि ब्रोडोविच यांच्याच तालमीत तयार झालेला. १९५५ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ‘सिर्क दिव्हेर’ या सर्कशीत त्याने काढलेले एक छायाचित्र फॅशनच्या इतिहासात फार गाजले. डोव्हिमा नावाची मॉडेल, अंगावर डिऑरचा काळा पोशाख आणि त्यावरून सुटलेला पांढरा पट्टा, हात दोन बाजूंना पसरलेले, आणि मागे हत्ती. तो पोशाख तेव्हा डिऑरकडे उमेदवारी करणाऱ्या इव्ह सॅं लोरॉं या तरुणाच्या कल्पनेतला होता. हत्तींची सुरकुतलेली राखट कातडी आणि पोशाखाची गुळगुळीत रेषा यांचा विरोध इतका नेमका साधला आहे, की नजर त्या स्त्रीवरून हलत नाही. २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात या छायाचित्राची एक मोठी प्रत ८ लाख ४१ हजार युरोंना विकली गेली, आणि खरेदीदार होती स्वतः डिऑर ही संस्था.

हे छायाचित्र मी पुष्कळदा पाहिले होते. एकदा ते घरात पाहत असताना सौभाग्यवतींनी पहिल्याच दृष्टिक्षेपात विचारले, ‘अहो, त्या हत्तींचे पाय साखळदंडांनी बांधलेले आहेत ना?’ आहेत. ते लपवलेले नाहीत. चित्रात खालच्या बाजूस सर्वांसमोर आहेत. परंतु छायाचित्राची सारी रचना नजर वर, त्या पांढऱ्या पट्ट्याकडे आणि पसरलेल्या हातांकडे नेते. बालपणापासून पायाखाली पाहून चालण्याची सवय लावलेल्या घरातील नजरच आधी खाली गेली. म्हणून आपल्या मुलामुलींना, विशेषतः जी आता जाहिरात, डिझाइन, समाजमाध्यमांवरील विक्री अशा व्यवसायांत शिरत आहेत त्यांना, चित्र कसे साधे करावे हे अवश्य शिकवावे. त्याबरोबर समोरच्या साध्या चित्रात काय बाहेर ठेवले आहे हे विचारण्याची सवयही लावावी. रेशमी साडीच्या सुरेख छायाचित्रात कोशातील किडा कधीच नसतो, हे आपल्याला इतरांपेक्षा अधिक ठाऊक असावयास हवे.

दुकानाच्या व्यवहाराकडे परत येऊ. हल्ली पुष्कळशी विक्री मोबाइलवरील छायाचित्रांवर होते. सकाळी नवा माल आला की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर शंभर छायाचित्रे रवाना होतात, आणि त्यांतील पुष्कळ मालाबाबत ‘रंग वेगळा निघाला’ म्हणून परतीचा निरोप येतो. यात दोष बहुधा मालाचा नसतो. दुकानातील ट्यूबलाइट, मालावर रोखलेले पिवळे दिवे आणि दारातून येणारा दिवसाचा प्रकाश हे तिन्ही एकाच साडीवर पडलेले असतात, आणि कॅमेरा बिचारा त्यांतील कोणता खरा मानावा या विवंचनेत मधलाच रंग दाखवतो. यावर उपाय फुकट आहे. थेट ऊन न येणारी एक खिडकी निवडावी, शक्यतो उत्तरेकडील. सर्व दिवे बंद करावेत. न चकाकणारी पांढरी किंवा फिकट राखी चादर भिंतीवरून जमिनीपर्यंत सोडावी. आणि तिच्यावर एकच वस्तू ठेवावी. अंधार पडलेल्या बाजूस एक पांढरा पुठ्ठा उभा केला की प्रकाश परतून सावली मऊ होते. साडी असेल तर एक छायाचित्र संपूर्ण, आणि एक काठापदराचे जवळून. प्लॅस्टिकचा पुतळा, कृत्रिम फुले आणि मागे दिसणारे जिन्याचे कठडे यांना रजा द्यावी. पेनचा वरचा मजला आणि आपल्या दुकानाचा पोटमाळा यांत या कामापुरता फारसा फरक नाही.

छापील जाहिरातीत मात्र अडचण प्रकाशाची नसते, ती घरातील माणसांची असते. काय गाळायचे हा प्रश्न निघाला की सर्वप्रथम छायाचित्रांवरून वाद होतो. वडिलांचे चित्र काढायचे? मग काकांचे का ठेवले? भागीदारीच्या पेढ्यांत तर चार भावांची छायाचित्रे एकाच मापाची आहेत ना, हे छापण्यापूर्वी पट्टी लावून पाहिले जाई, हे मी स्वतः पाहिले आहे. अशा ठिकाणी पेन आणि क्रोन यांचे दाखले देऊन उपयोग नाही. मला वाटते, पर्युषणाच्या अंकातील क्षमापनेची किंवा दिवाळीची शुभेच्छांची जाहिरात ही विक्रीची जाहिरातच नव्हे. ती समाजापुढे घराने जोडलेले हात आहेत. तीत आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी अवश्य यावे, नावे पूर्ण असावीत, गावाचा उल्लेख असावा. तेथे सेलचा तारा आणि साड्या कशाला? विक्रीच्या जाहिरातीसाठी दुसरे पान, परवडत नसेल तर पाव पान घ्यावे, आणि त्यात एक साडी, पेढीचे नाव व एक दूरध्वनी क्रमांक एवढेच ठेवावे. बाकीच्या शाखांचे पत्ते विचारायला गिऱ्हाईक त्या क्रमांकावर फोन करील.